बागेतल्या जुन्या दगडांना कुठलं केमिकल लावावं?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातली नगरपरिषदेची जुनी बाग. मधोमध बंद पडलेलं तीन थाळ्यांचं लोखंडी कारंजं. फाटकाशी संगमरवरी पुतळा, डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, नावाची पाटी कधीच गेलेली. कुंपणाच्या कडेनं चौदा कोरीव दगड : काही वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), देवळाच्या खांबांचे तुकडे, एक मोडकी महिरप. सुशोभीकरणाचा निधी आलाय आणि तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा. ठेकेदार म्हणतो, पुतळ्याला अ‍ॅसिड वॉश आणि पॉलिश करू, कारंज्याला चंदेरी ऑइल पेंट मारू, आणि दगड वॉकिंग ट्रॅकच्या कडेला सिमेंटात ओळीनं रोवून वर काळं चकचकीत कोटिंग देऊ. तुम्ही नागरिक समितीत आहात आणि विचारताय की यासाठी टिकाऊ केमिकल आणि कोटिंग कुठलं.

मी सव्वीस वर्षं दगडाच्या आणि थोडंफार ओतीव लोखंडाच्या संवर्धनाचं काम करतोय. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही : कुठलंच नाही. पण एवढ्यावर सोडलं तर समितीच्या बैठकीत तुमच्या हाती काही राहणार नाही आणि ठेकेदार जिंकेल. म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

तुमची खरी अडचण वस्तू मळल्या आहेत ही नाहीच. मळकेपणानं दगड मरत नाही. अडचण अशी की या तीन प्रकारच्या वस्तू वेगवेगळ्या ठिकाणांहून उपटून बागेत आल्या, आणि इथं त्यांच्याभोवती माती, पाणी, खत आणि माणसांची हौस या चार गोष्टी रोज काम करताहेत. त्यातलं पाणी सगळ्यात मोठं. तुम्ही पाठवलेल्या सहा फोटोंमध्ये मला घाण फारशी दिसली नाही, पण पाण्याच्या खुणा प्रत्येक फोटोत दिसल्या. पुतळ्याच्या चौथऱ्यावर वीतभर उंचीपर्यंत पांढरी रेघ आहे. ते जमिनीतून वर चढलेल्या पाण्यानं आणलेले क्षार. कारंज्याच्या मधल्या थाळीखाली तांबूस ओघळ आहे, म्हणजे थाळीत पाणी साचतंय आणि सांध्यातून झिरपतंय. दोन वीरगळांची खालची चौकट हिरवी आहे, कारण लॉनचा फवारा रोज सकाळी थेट त्यांच्यावर पडतो. हे तसंच ठेवून वर कोटिंग देणं म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणं.

फोटोवरून काही गोष्टी मला ठरवता येत नाहीत, त्या आधीच सांगतो. तो पुतळा खरोखर संगमरवराचा आहे की संगमरवरी चुऱ्याच्या सिमेंटचा, हे हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. त्याच्या पोटात, घोट्यात किंवा मनगटात लोखंडी गज आहे का, हेही नाही. वीरगळांपैकी एकाला शेंदूर दिसतो, तिथं अजून कुणी नारळ फोडतं का, हे तुम्हालाच ठाऊक. आणि दगड बागेत कुठून, कधी, कुणी आणले, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. त्यामुळे खाली जे लिहितो ते साधारण नियम म्हणून घ्या.

सुरुवात नोंदीपासून करा. हे कारकुनी काम वाटतं, पण निधीतला पहिला रुपया इथेच खर्च करावा. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, लांबी-रुंदी-जाडी, आज ती बागेत कुठे आहे त्याचा साधा नकाशा, आणि तिच्याबद्दल जे कुणाला आठवतं ते सगळं. सर्वात आधी निवृत्त माळ्यांना गाठा. माझा अनुभव असा की बागेतल्या दगडाचा इतिहास कचेरीत सापडत नाही, माळ्याच्या घरी सापडतो. 'रस्तारुंदीत अमुक देऊळ हललं तेव्हा ट्रॅक्टरनं आणले' असं एक वाक्य मिळालं, तरी त्या खांबाच्या तुकड्याला गाव, देऊळ आणि दिशा मिळते. ते वाक्य गेलं की तो नुसता नक्षीचा दगड.

वस्तू जागेवरून हलणं म्हणजे अनर्थ, असं मी मानत नाही. मुंबईचं फ्लोरा फाउंटन १८६४ साली उभं राहिलं. ते मुळात भायखळ्याच्या बागेसाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी ठरलं होतं, आणि बसलं कोटाच्या चर्चगेट दरवाजाच्या जागी. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा पुतळा १९६५ साली उलट दिशेनं गेला, चौकातून भायखळ्याला. घोडा गेला तरी चौकाचं नाव राहिलं, ती गोष्ट वेगळी. कुठून कुठे गेलं हे ठाऊक आहे, म्हणून या वस्तूंचा धागा तुटला नाही. तुमच्या चौदा दगडांचा धागा आज दोन-तीन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. तिथे ३१ मार्चपेक्षा जास्त घाई आहे.

नोंद झाली की मोडके तुकडे फेकू देऊ नका. ठेकेदाराच्या यादीत 'निरुपयोगी दगड उचलणे' असं एक कलम असल्याचं तुम्ही कळवलंय, ते आधी खोडा. घारापुरीच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, त्याचं डोकं आणि मान १८१४ साली कोसळली, पुढे धडही ढासळलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना यारी मोडली आणि त्याचे आणखी तुकडे झाले. ते तुकडे कुणी भरावात टाकले नाहीत, भायखळ्याच्या बागेत नेऊन ठेवले, म्हणून १९१४ साली ते परत जोडता आले. आज तो हत्ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. पन्नास वर्षं ढिगाऱ्यात पडलेला दगडसुद्धा परत उभा राहतो, तुकडे एकत्र असले तर.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार पुरावस्तूच्या व्याख्येत येतं. वीरगळ तर त्याहून कितीतरी जुने असतात. तेव्हा नगरपरिषदेनं राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या विभागातल्या सहायक संचालकांना यादी आणि फोटो जोडून पत्र द्यावं आणि मगच दगड हलवावेत. पत्राची पोच जपून ठेवा. उद्या कुणी तक्रार केली तर ठेकेदार केव्हाच निघून गेलेला असेल, उत्तर मुख्याधिकाऱ्यांना आणि तुम्हाला द्यावं लागेल. खोदकामात नवा दगड किंवा नाणी निघाली तर काम तिथंच थांबवून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तो १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे.

आता वस्तूंकडे. पुतळ्यापासून सुरू करतो, कारण तिथं नुकसान सर्वांत लवकर होईल.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फरशी धुवायचं अ‍ॅसिड त्यावर पडलं की फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघत नसतो, दगड विरघळत असतो. पुतळा पांढराशुभ्र दिसतो, कारण वरचा थर गेलेला असतो. त्या थरासोबत पापण्यांची कड, उपरण्याची चुणी, पगडीचे पेच, जे शिल्पकारानं शेवटच्या महिन्यात बारीक छिन्नीनं काढलं तेच जातं. शिवाय गुळगुळीत कातडी गेलेला दगड साखरेसारखा रवाळ होतो आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा जास्त काळा पडतो. मग परत अ‍ॅसिड. असे तीन फेरे झालेला एक पुतळा मी पाहिलाय, त्याला नाक होतं पण चेहरा नव्हता. पॉलिशचंही तेच. मशिनची चकती उंचवटे घासते, आणि पुतळा तर सगळा उंचवट्यांचाच असतो.

मग करायचं काय? स्वच्छ पाणी, मऊ केसांचा ब्रश, आणि वेळ. आधी साधं पाणी हलक्या फवाऱ्यानं, खालून वर भिजवत जायचं. वरून सुरुवात केली तर मळके ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. शेवाळ्याचे गड्डे बांबूच्या कामट्यांनी अलगद सोडवायचे. तारेचा ब्रश नको, त्याचे लोखंडी कण दगडात अडकून गंजतात. प्रेशर वॉशर नको. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको, ती शेवाळ मारते आणि क्षार मागे ठेवते. क्षाराचे किंवा तेलकट डाग असतील तर मुलतानी मातीचा लेप कामी येतो. माती शुद्ध पाण्यात कालवून जाडसर थापायची, वर प्लास्टिक, मग प्लास्टिक काढून सावकाश वाळू द्यायची. वाळताना ती डाग स्वतःकडे ओढते. एका वेळी निघत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं. पण हा लेप पहिल्यांदाच चेहऱ्यावर लावू नका, चौथऱ्याच्या मागच्या बाजूला बोटभर जागी करून बघा.

डागांवरून एक जुनी गोष्ट आठवली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली चाफेकर बंधूंनी डांबर फासलं होतं. सरकार हैराण झालं, कारण डांबर संगमरवराच्या रंध्रांत उतरलं की घासून निघत नाही. घासावं तितकं आत जातं. शेवटी ते डाग काढले रसायनशास्त्राचे अभ्यासक त्रिभुवनदास गज्जर यांनी, आणि त्या कामानं त्यांचं मोठं नाव झालं. पाथरवटाला न बोलावता रसायन जाणणाऱ्याला बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. डाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय त्यावर काहीही ओतू नये. तुमच्या पुतळ्याच्या खांद्यावरचा काळा डाग मला बुरशीचा वाटतो, वरच्या झाडाची फांदी त्यावर ठिबकते. फांदी छाटा, सहा महिने थांबा. अर्धा डाग आपोआप फिका होईल.

पुतळ्याच्या डाव्या घोट्यापाशी बारीक भेग आणि तिच्या कडेला गंजाचा रंग दिसतो. तसं असेल तर आत लोखंडी खीळ आहे. लोखंड गंजलं की कित्येक पट फुगतं आणि दगड आतून फोडतं. इथं मात्र माणूस बोलवावाच लागतो. ती खीळ काढून स्टेनलेस स्टीलची, तीही ३१६ दर्जाची, बसवावी लागते. वरून सिमेंट भरून भेग बुजवली तर गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही.

कारंजं. हा माझा आवडता भाग, कारण जुन्या कारंज्यावर लोक सर्वांत जास्त खर्च करतात आणि ते सर्वांत कमी दिवस चालतं.

आधी चुंबक लावून बघा की सगळं लोखंडच आहे ना. कधी खांब ओतीव लोखंडाचा, वरची मूर्ती जस्ताची किंवा शिशाची आणि एखादी थाळी नंतर बसवलेली सिमेंटची असते. दोन वेगळे धातू ओले राहून एकमेकांना टेकले की त्यातला एक लवकर खाल्ला जातो. मग तळाशी, रंगाच्या थरांखाली, ओतशाळेचं नाव किंवा नमुन्याचा क्रमांक आहे का ते बोटानं चाचपा. एकोणिसाव्या शतकात अशी कारंजी कॅटलॉगमधून मागवली जात, सुटे भाग बोल्टनं जोडलेले येत. नाव सापडलं तर मोडलेलं पान किंवा हरवलेलं तोंड कसं होतं हे शोधता येतं, आणि कारंजं भाग सुटे करून दुरुस्त करता येतं.

चंदेरी रंगाला माझा विरोध नुसत्या आवडीनिवडीचा नाही. जाड ऑइल पेंटचा आठवा-नववा थर नक्षीच्या खाचा भरून टाकतो, आणि सैल थरांवर मारलेला नवा रंग त्यांच्यासकट पापुद्र्यानं सुटतो. मुंबईचं फ्लोरा फाउंटन पोर्टलँडच्या चुनखडीचं आहे, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथचं. पण कित्येक वर्षं लोकांना ते रंगवलेल्या प्लास्टरचं वाटायचं, इतके त्यावर रंगाचे थर होते. २०१९ साली दुरुस्त होऊन ते परत सुरू झालं, तेव्हा त्या कामात हे रंगाचे थर उतरवावे लागले होते. दगडावर रंग नकोच. लोखंडावर मात्र रंग हवा, तो त्याचं छत्र आहे. फक्त कुठला आणि कसा, हा प्रश्न आहे.

एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात, रुपयाएवढ्या जागेत, ब्लेडनं थर एकेक करून उघडा. सर्वांत आतला रंग कदाचित गडद हिरवा किंवा चॉकलेटी निघेल. तोच परत द्यावा असं माझं मत, पण तो समितीनं ठरवायचा भाग आहे. जुन्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला : कोरडं घासायचं नाही, मास्क हवा, खरवडलेला चुरा लॉनवर पडता कामा नये. मुलं तिथंच लोळतात. लोखंड उघडं झालं की त्याच दिवशी प्रायमर, कारण दमट हवेत एका रात्रीत त्यावर पिवळी गंजाची साय येते. म्हणूनच हे काम पावसाळ्यात काढू नये. तडा गेलेल्या थाळीला गावातल्या वेल्डरकडून टाके मारून घेऊ नका. ओतीव लोखंड ठिसूळ असतं. साध्या वेल्डिंगच्या उष्णतेनं जुन्या भेगेशेजारी नवी भेग पडते. ते काम जमणारे वेगळे कारागीर असतात, जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शहरांत मिळतात.

आणि पाणी. बागेत बोअरचं पाणी असेल तर ते जड असणार. महिनाभरात तोटीच्या भोकांवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो, धार वाकडी होते, आणि माळी सळईनं भोक मोठं करतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूसुद्धा येत नाही. फिरवून वापरलं जाणारं पाणी, गाळणी, आणि पंपाची खोली कारंज्यापासून बाजूला, एवढं तरी करा. धारेची उंची ठरवताना ढोबळ नियम असा की तोटीपासून हौदाच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, त्यापेक्षा धार उंच नसावी. वाऱ्याच्या जागी त्याच्याही निम्मी. नाहीतर हौद रिकामा आणि वाट ओली. रोज देखभाल करायला माणूस नेमता येत नसेल तर कारंजं चालवूच नका असं मी स्पष्ट सांगेन. कोरडं ठेवलेलं, रंगवलेलं, थाळ्यांची निचऱ्याची भोकं मोकळी असलेलं कारंजं पन्नास वर्षं टिकतं. फक्त ती भोकं खरंच मोकळी हवीत, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार होतात आणि मग आरोग्य विभाग येऊन त्यात डांबर ओततो. हो, हेही पाहिलंय.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : नोंद आणि पत्र आधी, फवारा आणि फांदी आज, पुतळ्याला पाणी आणि ब्रश, कारंज्याला रंग पण नीट काढून नीट लावलेला, आणि अ‍ॅसिड, पॉलिश, चंदेरी ही तीन कलमं बाद.

आता चौदा दगड, आणि माझी स्वतःची चूक.

कामाला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बागेत मी सहा वीरगळ बसवले. उद्‌घाटन जवळ आलेलं, मान्यवर येणार म्हणून दगड 'उठून दिसायला' हवे होते. मी काँक्रीटच्या पायात ते रोवले आणि वरून पारदर्शक कोटिंग मारलं. पहिल्या वर्षी इतके देखणे दिसले की त्याचे फोटो मी लोकांना दाखवत फिरलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या चौकटीतल्या घोड्यांची तोंडं पापुद्र्यानं सुटून हातात आली. दगड खालून पाणी ओढत होता, सिमेंटातले क्षार त्यासोबत चढत होते, आणि बाहेर पडायची वाट मीच कोटिंगनं बंद केली होती. क्षारांचे स्फटिक कोटिंगच्या मागे जमले आणि त्यांनी कातडी ढकलून दिली. आपला काळा दगड घट्ट असतो, त्याला काही होत नाही, असं आपण समजतो. ताज्या कापलेल्या बेसाल्टला ते लागू पडेल. सात-आठशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या, बारीक पोकळ्यांच्या बेसाल्टला नाही. ते सहा दगड अजून तिथंच आहेत. मी त्या रस्त्यानं गेलो की थांबतो.

म्हणून रोवणं नको, टेकवणं हवं. जमिनीपासून वीतभर उंच दगडी जोतं, जोत्यावर शिशाचा पत्रा म्हणजे खालची ओल वर चढत नाही, त्यावर वीरगळ, आणि मागून स्टेनलेस स्टीलचा आधार, मध्ये रबराची किंवा शिशाची गादी. दगडाला भोक पाडायचं नाही. जोत्याच्या चारी बाजूंनी दोन फूट रुंद खडीचा पट्टा ठेवा. त्यानं तीन कामं होतात : पावसाचे चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत, लॉनचं युरियाचं पाणी दगडापर्यंत येत नाही, आणि गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी दगडाला लागत नाही. ही दोरी क्षुल्लक वाटते, पण दर पंधरा दिवसांनी तीच कड झिजत राहते. बागांमधल्या कितीतरी शिल्पांची पावलं अशीच गेली आहेत.

सिमेंटात रोवण्यानं दुसरं नुकसान होतं ते अर्थाचं. वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरं पळवणाऱ्यांशी झुंज आणि आडवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. फूटभर सिमेंटात गाडला की नेमकं तो कशासाठी मेला तेवढंच जमिनीखाली जातं. तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या वीरगळाचं आत्ताच तसं झालंय, गाईंची फक्त शिंगं वर दिसताहेत.

त्याच ओळीत एक दगड पालथा घातलेला आहे. तो कदाचित गधेगाळ असेल. दिलेलं दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड, चित्र अश्लील, म्हणून बागेच्या उद्‌घाटनाला लाजेनं पालथा घालतात. तो उताणा करा, पण माणसं लावून हातानं नको. काळा दगड घनमीटरला पावणेतीन-तीन टनांच्या घरात भरतो. दीड मीटर उंच, साठ सेंटिमीटर रुंद आणि पंचवीस सेंटिमीटर जाड दगड साडेसहाशे किलोच्या आसपास जातो. रुंद नायलॉनचे पट्टे, लाकडी ओंडके, लहान क्रेन आणि घाई नसलेला मुकादम हवा. साखळी आणि वायररोप कोरीवकामाला लागू देऊ नका.

शेंदराच्या दगडाला हात लावण्याआधी गावात विचारा. तिथं दिवा लागत असेल तर तो माझ्या लेखी शिल्प नाही, देव आहे, आणि त्याच्याबद्दल निर्णय पूजा करणाऱ्यांचा. शेंदराचं कवच कधी कधी आपोआप गळून पडतं आणि आत उत्तम कोरलेली मूर्ती निघते, हे खरं. म्हणून ते आपण छिन्नीनं काढावं असं नाही.

तुम्ही दगडांत मोजलेली महिरप फोटोत लाकडाची दिसते. तिच्या टोकाशी केळफूलही (केळीच्या फुलासारखी कोरीव नक्षी) आहे, म्हणजे एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यातली. ती बागेत ठेवूच नका. सागवान असलं तरी ऊन-पाऊस आणि वाळवी यांच्यापुढे दहा वर्षं. वाचनालयाच्या भिंतीवर लावा, छपराखाली.

निधीबद्दल. तुम्हाला ३१ मार्चपर्यंत पैसे खर्च करून दाखवायचे आहेत, हे मी समजू शकतो. सुदैवानं ज्या गोष्टी लवकर करता येतात त्याच आधी करायच्या आहेत : नोंद आणि फोटो, लॉनच्या पाइपची फेरजुळणी, खडीचे पट्टे, दगडी जोती, पाण्याचा निचरा, माहितीफलक. हे सगळं साध्या बांधकामाच्या कलमांत बसतं आणि यातलं काहीच वस्तूला हात लावत नाही. पुतळ्याची खीळ आणि कारंज्याची दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घ्या, आणि तिथं चौरस मीटरचा भाव लावू देऊ नका. चौरस मीटरनं पैसे मिळाले की माणूस लवकर संपवतो, आणि लवकर संपवायला अ‍ॅसिडच लागतं. फलकावर कोणी उद्‌घाटन केलं हे लहान अक्षरात आणि दगड कुठून आला हे मोठ्या अक्षरात, एवढं जमवलंत तर बघा. मला आजवर जमलेलं नाही.

शेवटी, तुमच्या पाचव्या फोटोबद्दल. नळाशेजारच्या ज्या दगडावर माळी कोयत्याला धार लावतात, त्याच्या वरच्या कडेला मला दोन आडव्या ओळी दिसताहेत. नुसत्या घासल्याच्या रेघा असतील, किंवा अक्षरं. ठरवायचा सोपा मार्ग असा की मावळतीला, ऊन दगडाला अगदी तिरपं घासून जात असेल तेव्हा समोरून फोटो काढा. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला आडवी धरून चारी बाजूंनी आणखी चार काढा. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल, काहीही चोळू नका. आणि माळीबुवांना आज संध्याकाळीच धार लावायला दुसरा दगड आणून द्या.